पुनर्विकासाच्या नकाशात कलेची जागा कशी राखावी

पुण्यातल्या कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, एरंडवणे या भागांत आणि पेठांमध्येही जुन्या इमारतींचा पुनर्विकास सध्या वेगाने चालू आहे. सभासदांच्या बैठकांमध्ये वाढीव कार्पेट, पार्किंग, कॉर्पस (विकसकाकडून मिळणारा निधी) आणि तात्पुरत्या घरभाड्याची रक्कम यांवर तासन्‌तास चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. मात्र त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे चाललेला गायनाचा वर्ग, गच्चीवरच्या शेडमधला कथकचा वर्ग किंवा गणेशोत्सवात पार्किंगमध्ये होणारी मुलांची नाटिका यांचे नव्या इमारतीत काय होणार, हा प्रश्न विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. इमारत पाडली जाते, वर्ग घेणाऱ्या बाई परवडणारी जागा शोधत दूर कोठेतरी जातात, आणि नव्या देखण्या इमारतीत जिम असते, पण तंबोरा लावून बसता येईल अशी एकही खोली नसते.

पुण्याचे सांस्कृतिक जीवन केवळ मोठ्या नाट्यगृहांवर उभे राहिलेले नाही. १९६८ साली सुरू झालेले बालगंधर्व रंगमंदिर, सदाशिव पेठेतले भरत नाट्य मंदिर, टिळक रस्त्यावरचे टिळक स्मारक मंदिर ही प्रयोगाची ठिकाणे आहेत. प्रयोगाआधीच्या तालमी मात्र शाळेच्या वर्गात, कोणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा सोसायटीच्या हॉलमध्येच होतात. १९६३ पासून होत असलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचे दिवस जवळ आले की महाविद्यालयांचे संघ तालमीच्या जागेसाठी किती वणवण करतात, हे ज्यांनी एकदा तरी त्या स्पर्धेत भाग घेतला आहे त्यांना सांगायला नको. पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले, रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती. अशा संस्थांमधून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी पुढे आपापल्या गल्लीत वर्ग चालवले म्हणून गाणे आणि नृत्य घरोघरी पोहोचले. त्या गल्लीतल्या जागाच आज पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत.

हे मार्गदर्शन सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांसाठी, मध्यम आकाराच्या विकसकांसाठी आणि त्यांच्या वास्तुविशारदांसाठी आहे. त्यामागचे मत असे: जागा कोण वापरणार, कोण चालवणार आणि ती कोणाच्या मालकीची असणार, या तीन गोष्टी विकसक नेमण्याआधी कागदावर आल्या तरच ती जागा टिकते. माहितीपत्रकात ‘मल्टिपर्पज हॉल’ आणि ‘अ‍ॅम्फीथिएटर’ असे छापून आणणे सोपे आहे. परंतु ज्या अ‍ॅम्फीथिएटरला छप्पर नाही, विजेची जोडणी नाही आणि ज्याच्या पायऱ्यांवर बारा फुटांवरच्या शयनगृहांच्या खिडक्या उघडतात, तेथे एकही कार्यक्रम होत नाही.

आधी वापराची नोंद

समितीने पहिल्यांदा आपल्या आवारात आणि आसपासच्या चार-पाच गल्ल्यांत काय चालते याची नोंद करावी. किती वर्ग आहेत, कोणत्या वेळी भरतात, एका वेळी किती विद्यार्थी असतात, कोणते वाद्य किंवा नृत्यप्रकार आहे, शिक्षक महिन्याला किती भाडे देऊ शकतात, इतकी माहिती साध्या वहीत आली तरी पुरे. ज्येष्ठ नागरिकांचे भजनी मंडळ, वाचकगट, बालनाट्याची सुट्टीतली शिबिरे, दिवाळी पहाटेचा किंवा कोजागरीचा कार्यक्रम यांचाही त्यात समावेश असावा. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. तबला आणि कथक यांना हवी असलेली खोली वेगळी, वाचकगटाला हवी असलेली वेगळी आणि छोट्या नाट्यप्रयोगाला हवी असलेली आणखी वेगळी. ‘सगळ्यांसाठी काहीतरी’ म्हणून बांधलेला हॉल शेवटी वाढदिवसांपुरता उरतो, असा माझा अनुभव आहे.

शिक्षकांना प्रत्यक्ष बैठकीला बोलवावे. त्यांच्यापैकी अनेक जण सभासद नसतात, भाडेकरू असतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे समितीपर्यंत पोहोचत नाही.

जागा किती आणि ती येणार कोठून

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे रोजच्या बोलण्यातली यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून पुण्याला लागू आहे. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा करमणुकीची मोकळी जागा म्हणून राखावी लागते आणि त्या मोकळ्या जागेत क्लब हाउस, वाचनालय, योगकेंद्र अशा वापरांसाठी तिच्या १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर अनुज्ञेय असलेल्या एकूण बांधकामात, न मोजता करता येते; मात्र तळमजल्यावर ते १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ‘क्लब हाउसमध्ये होऊन जाईल’ असे आश्वासन मिळाले की हा हिशेब लगेच मांडून पाहावा. ४,००० चौरस मीटरच्या भूखंडावर मोकळी जागा ४०० चौरस मीटर, आणि त्यातले तळमजल्यावरचे बांधकाम फार तर ४० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम ४३० चौरस फूट. तेवढ्यात रियाजाची एक चांगली खोली होते, सभागृह होत नाही. शिवाय त्याच ४० चौरस मीटरवर जिमचाही डोळा असतो. शहराच्या मध्यभागातल्या बहुतेक सोसायट्यांचे भूखंड तर याहून लहान असतात आणि त्यांना हा मार्ग उपलब्धच नसतो.

तेव्हा बहुतेक ठिकाणी ही जागा सभासदांच्या आणि विकसकाच्या वाट्यातूनच काढावी लागते. हे स्पष्ट बोलून दाखवावे, कारण फुकट मिळणार असल्याच्या समजुतीवर केलेला ठराव पहिल्याच वाटाघाटीत मोडतो. उदाहरण घेऊ. शंभर चौरस मीटरचा हॉल धरला, त्यातली तीस-पस्तीस चौरस मीटर जागा कलावंतांसाठी सोडली, तर उरलेल्या जागेत शंभर माणसे सुट्या खुर्च्यांवर बसू शकतात. राष्ट्रीय इमारत संहिता अशा दाट बसण्याच्या जागेसाठी माणशी ०.६५ चौरस मीटर धरते. साठवणीची खोली, दोन स्वच्छतागृहे आणि कपडे बदलण्याची छोटी खोली यांसाठी आणखी तीस चौरस मीटर लागतील. एकूण १३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,४०० चौरस फूट. नव्या इमारतीत ४० सदनिका असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ३५ चौरस फूट येतात. सात फूट बाय पाच फुटांच्या एका बाल्कनीइतके. सभासदांसमोर हा आकडा असाच ठेवावा आणि त्यांना ठरवू द्यावे. सोळा सदनिकांच्या इमारतीला मात्र असा हॉल परवडणार नाही. तिथे ४५ चौरस मीटरची एकच नीट बांधलेली खोली मागावी. शेजारच्या दोन सोसायट्या भूखंड एकत्र करून पुनर्विकासाला जात असतील तर हिशेब पुष्कळ सुसह्य होतो, आणि अशा वेळी सामाईक हॉल हा एकत्र येण्याला एक चांगला आधारही ठरतो.

लहान जागेला कमी लेखू नये. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचाने अनेक वर्षे दाखवून दिले की, मोजक्या प्रेक्षकांच्या छोट्याशा जागेत प्रायोगिक नाटक, अभिवाचन आणि मैफल उत्तम होते. हिराबागेतले ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि श्रीराम लागू रंग-अवकाश ही ठिकाणेही समितीने आणि वास्तुविशारदाने एखादा प्रयोग पाहण्याच्या निमित्ताने डोळसपणे पाहून यावीत.

एक गोष्ट वास्तुविशारदाकडून आधीच तपासून घ्यावी. निवासी भूखंडावर कोणते वापर अनुज्ञेय आहेत हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. सभासदांचा सामाईक हॉल, शिकवणीचा वर्ग आणि तिकीट लावून होणारा जाहीर प्रयोग हे नियमांच्या दृष्टीने एकच नाहीत. जाहीर प्रयोग करायचे असतील तर पोलिसांचा परवाना आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला यांची तयारी नकाशापासूनच असावी लागते.

ठराव, निविदा आणि करार

सहकारी गृहनिर्माण संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय मार्गदर्शक आहे. त्यानुसार विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची मंजुरी लागते. सांस्कृतिक जागेचा मुद्दा वेगळा, स्वतंत्र ठराव म्हणून मांडावा आणि तो इतिवृत्तात क्षेत्रफळासह नोंदवावा. त्यानंतर प्रकल्प सल्लागाराच्या व्यवहार्यता अहवालात ही जागा धरूनच गणित मांडायला सांगावे आणि निविदेत तिच्या अटी घालाव्यात. निविदा उघडल्यानंतर ‘आम्हाला एक हॉलही हवा आहे’ असे सांगितले, तर विकसक त्याची किंमत कोठून तरी वसूल करणारच, आणि बहुधा ती सदनिकांच्या दर्जातून वसूल होते.

पुण्यात सोसायट्यांबरोबरच अनेक अपार्टमेंटही आहेत, म्हणजे जिथे सहकारी संस्था नसून प्रत्येकाची आपल्या सदनिकेवर स्वतंत्र मालकी असते, आणि १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियमाखालच्या अपार्टमेंटला ७९अ ची चौकट लागू होत नाही. तिथे सारा भर डीड ऑफ डिक्लरेशनवर, म्हणजे इमारतीतल्या खासगी आणि सामाईक जागा ठरवणाऱ्या नोंदणीकृत दस्तावर असतो. नव्या डिक्लरेशनमध्ये हा हॉल ‘सामाईक क्षेत्र व सुविधा’ या यादीत नावानिशी आणि क्षेत्रफळानिशी आला पाहिजे. तो कोणा एका गाळ्याशी जोडलेल्या ‘मर्यादित सामाईक क्षेत्रा’त गेला की इतरांचा त्यावरचा हक्क संपला असे समजावे.

विकसन करारनाम्यात पुढील बाबी सुट्या शब्दांत लिहिल्या जाव्यात: मंजूर नकाशावर जागेचे नाव आणि क्षेत्रफळ, मोकळी उंची, मध्ये खांब नसल्याची अट, भिंतीचा प्रकार, जमिनीचा प्रकार, वीजभार, आणि ही जागा विक्रीयोग्य क्षेत्रात मोजली जाणार नाही असे कलम. ‘उत्तम दर्जाचा हॉल’ असे शब्द करारात निरुपयोगी असतात. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवला जाईल तेव्हा सुविधांच्या यादीत हॉल आहे का, तेही पाहावे. रेरा अधिनियमाच्या कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात आणि सामाईक क्षेत्रात बदल करायचा असेल तर विकसकाला किमान दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती घ्यावी लागते. हॉलचे अर्धे दुकान होण्यापासून वाचवणारे हे कलम आहे. पण मूळ आराखड्यात हॉल असेल तरच ते कामाला येते.

बांधकामात काय पाहावे

सर्वाधिक लक्ष येथे हवे, कारण चुकीचा बांधलेला हॉल नंतर दुरुस्त होत नाही आणि त्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या की वर्षभरात त्याला कुलूप लागते.

जागा तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला आणि स्वतंत्र प्रवेशद्वाराची असावी. बाहेरून येणारा विद्यार्थी किंवा प्रेक्षक सदनिकांच्या लिफ्टपाशी जाताच कामा नये. सुरक्षेच्या कारणावरून होणारी निम्मी भांडणे इथेच मिटतात. गच्चीवरचा हॉल मोहक वाटतो, पण खालच्या सदनिकेच्या छतावर कथकचा तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, उतरतो, आणि पायाच्या आघाताचा आवाज स्लॅबमधून जितक्या सहज जातो तितका गाण्याचा आवाज हवेतून जात नाही. हॉलच्या खाली कोणाचेही घर नसावे, आणि वर शयनगृहाऐवजी सोसायटीचे कार्यालय, जिना किंवा पोडियम (सदनिकांच्या खालचा मोकळा सपाट मजला) येईल अशी मांडणी करावी.

पार्किंगच्या उंचीत सभागृह बसवण्याचा प्रयत्न होतो. तो मान्य करू नये. तुळईच्या खालून किमान बारा फूट मोकळी उंची हवी, नाटकासाठी दिवे टांगायचे असतील तर चौदा. वरच्या सदनिकांचे खांब हॉलच्या मधोमध उतरणार नाहीत, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्याच आराखड्याच्या वेळी सांगावे लागते. उशीर झाला तर भार वळवणाऱ्या जड तुळया घालाव्या लागतात आणि त्या खर्चाच्या नावाखाली हॉलच रद्द होतो. दिव्यांसाठी लोखंडी पाइप टांगण्याचे हुक स्लॅब भरण्यापूर्वीच बसवून घ्यावेत आणि त्यांचा भार गणितात धरायला लावावा.

भिंतींबद्दल आग्रही राहावे. हल्ली बहुतेक इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्या उष्णता चांगली अडवतात, पण वजनाने हलक्या असल्याने तबल्याचा घुमारा अडवत नाहीत. हॉलच्या भिंती नऊ इंची भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या मागाव्यात. दार भक्कम, चारही कडांना रबरी पट्टी असलेले, आणि शक्य असेल तर एकामागे एक अशा दोन दारांच्या मध्ये छोटी बंदिस्त जागा असावी. उत्तम भिंत बांधून दाराखाली अर्ध्या इंचाची फट ठेवली तर सारा खर्च वाया जातो. खिडक्या दुहेरी काचेच्या कराव्यात आणि त्या सदनिकांच्या बाजूला नसाव्यात.

सांडपाण्याच्या पाइपांची गोष्ट मुद्दाम सांगतो. कोथरूडच्या एका नव्या इमारतीतला छोटा हॉल दिसायला फार सुंदर होता: लाकडी छत, मऊ प्रकाश, उत्तम बैठक. गायिकेने भूपाची आलापी सुरू केली, खर्जावर स्वर स्थिरावला, आणि नेमक्या त्या क्षणी वरच्या घरातले फ्लशचे पाणी फॉल्स सीलिंगमागच्या पाइपातून खळखळत खाली गेले. पुढच्या पाऊण तासात ते पुन्हा पुन्हा झाले आणि श्रोत्यांचे लक्ष गाण्यावरून पाइपाकडे गेले. त्या हॉलमध्ये मैफली बंद झाल्या. नकाशावर वरच्या मजल्यांच्या स्वच्छतागृहांच्या उभ्या पाइपांची जागा पाहून त्यांतला एकही हॉलच्या छतातून किंवा भिंतीतून जाणार नाही, अशी अट करारातच घालावी. नंतर पाइपाभोवती कापूस-फोम गुंडाळून हे पूर्णपणे थांबत नाही.

आतला आवाज हा वेगळा विषय आहे. समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती आणि व्हिट्रिफाइड टाइल असलेल्या खोलीत टाळी वाजवली की झणझणाट उठतो. त्यात बोललेले संवाद मागच्या रांगेला कळत नाहीत. मागच्या भिंतीवर आवाज शोषणारे पॅनेल, बाजूच्या भिंतीवर जाड पडदे आणि पुस्तकांची कपाटे इतक्यावर बरेच काम होते. नृत्यासाठी एका भिंतीला आरसे लागतात, पण तेच आरसे गाण्याच्या वेळी आवाज परतवतात. म्हणून त्यांच्यावरून सरकणारा जाड पडदा हवाच. जमीन लाकडी, खाली रबरी पॅड आणि पट्ट्या असलेली असावी. थेट काँक्रीटवर वर्षानुवर्षे तत्कार करणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांची काळजी इमारत बांधणाऱ्यांनी घ्यायला हवी.

पक्के स्टेज बांधू नये. लहान खोलीत ते एक चतुर्थांश जागा कायमची अडवते. सुटे चौथरे पुष्कळ बरे. साठवणीची खोली मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, कारण खुर्च्या, सतरंज्या, चौथरे, हार्मोनियम आणि तंबोरे ठेवायला जागा नसली की ते हॉलमध्येच रचले जातात आणि हॉलचे गोदाम होते. तंबोऱ्यांच्या कपाटाला पावसाळ्यातल्या दमट हवेपासून जपणारी बंद दारे असावीत.

इमारत संहितेनुसार पन्नास किंवा अधिक माणसे जमतात ती जागा संमेलनाच्या वर्गात येते. एकमेकांपासून दूर असलेली आणि बाहेर उघडणारी दोन दारे, उताराची वाट आणि अग्निशमन यंत्रणा यांत काटकसर करू नये. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घ्यावा लागतो. त्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे.

चालवणार कोण

व्यवस्थापन समितीनेच हॉल चालवावा असे वाटते, पण समिती बदलली की नियमही बदलतात. माझ्या मते तीन सभासद आणि दोन वापरकर्ते, म्हणजे शिक्षक किंवा कलावंत, अशी पाच जणांची उपसमिती सर्वसाधारण सभेने नेमावी. एखाद्या सांस्कृतिक संस्थेला चालवायला द्यायचे असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करावा आणि त्यात सभासदांसाठी राखीव तास लिहावेत. भाड्याचे दोन दर असावेत: रोजच्या वर्गांना आणि तालमींना अगदी माफक, बाहेरच्या समारंभांना पूर्ण. समारंभांच्या भाड्याचा मोह मोठा असतो, म्हणून महिन्यातले किती दिवस समारंभाला द्यायचे याची कमाल मर्यादा उपविधीत लिहावी. नाही तर दोन वर्षांत संध्याकाळचे वर्ग हॉलबाहेर पडतात. बाहेरच्या लोकांकडून मिळणारे भाडे सभासदांच्या परस्पर वर्गणीसारखे करमुक्त धरले जात नाही, आणि वीज व मिळकतकर यांचे निवासी दर हॉलला लागतीलच असे नाही. त्यामुळे वेगळे मीटर आणि वेगळे खाते ठेवावे.

वेळापत्रक दाराबाहेर लावलेले असावे. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र दहा ते सहा अशी धरली जाते. दुपारी एक ते चार तालवाद्ये आणि घुंगरू बंद, रात्री पावणेदहाला वाद्ये आवरायला सुरुवात, असे दोन साधे नियम काटेकोर पाळले तर वर राहणारे लोकही हॉलच्या बाजूने उभे राहतात.

ताबा घेताना

भोगवटा पत्र (इमारत वापरण्यास परवानगी देणारा दाखला) आले म्हणून हॉलचा ताबा लगेच घेऊ नये. एका संध्याकाळी तबलावादकाला आणि घुंगरू बांधलेल्या दोन विद्यार्थिनींना हॉलमध्ये बसवावे आणि समितीच्या दोघांनी वरच्या व शेजारच्या घरात दारे-खिडक्या लावून ऐकावे. त्याच वेळी वरच्या सर्व मजल्यांवर फ्लश सोडून हॉलमध्ये काय ऐकू येते तेही पाहावे. जे ऐकू आले ते ताबापत्रावर लिहून विकसकाची सही घ्यावी. रेरानुसार बांधकामातले दोष ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत विकसकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, आणि अशी लेखी नोंद त्या वेळी फार उपयोगी पडते. लाकडी जमीन मात्र पहिला पावसाळा उलटून भिंतीत कोठे ओल येत नाही याची खात्री झाल्यावरच बसवावी. तोवर तिची रक्कम सोसायटीकडे राखून ठेवण्याचे कलम विकसन करारनाम्यात असावे.